डाव्या बाजूची चेन: एका जुन्या लोडरच्या फायनल ड्राइव्हचं प्रकरण

देवगड तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, गेल्या एप्रिलात एका जुन्या चेन लोडरची चेन तीन आठवड्यांत चार वेळा उतरली. चारही वेळा डावीच. चौथ्या वेळी मालकांचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. "मिस्त्री, चेन परत भायर इली. आता नवी चेनच घालूया काय ता एकदा सांगा."

नवी चेन घातली असती तर तीही उतरली असती. पण हे मलाही दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

आधी मशीनविषयी. आमच्याकडे चेनवर चालणाऱ्या कुठल्याही धुडाला पोकलेन म्हणतात. मूळचं ते पोक्लेन या फ्रेंच कंपनीचं नाव, आता त्याचं सामान्यनाम झालंय. हा लोडर पोकलेन नव्हे. पोकलेनचा वरचा भाग गरकन फिरतो आणि चेन जागेवर राहते. लोडरची बकेट पुढे घट्ट बसलेली असते. दगड उचलून डंपरमध्ये टाकायचे तर अख्खं पंधरा टनांचं मशीन मागे घ्यायचं, वळवायचं, पुढे न्यायचं, आणि हे दिवसभर. चेनच्या मशीनच्या दुरुस्तीवर होणाऱ्या खर्चातला साधारण निम्मा खालच्या भागात जातो असं आमच्या धंद्यात धरतात. लोडरला तर तेही कमी पडतं. त्यात रिव्हर्स सगळ्यात वाईट. स्प्रोकेट, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक, मागे असतो (त्याला फिरवणारा गिअरचा डबा तो फायनल ड्राइव्ह), त्यामुळे पुढे जाताना ताण फक्त जमिनीपासून स्प्रोकेटपर्यंतच्या तुकड्यावर येतो. मागे जाताना वरची सगळी चेन आणि पुढचा आयडलर, म्हणजे चेन वळवणारं मोकळं चाक, तोही ताणात येतो, आणि प्रत्येक बुश (चेनच्या पिनवरची नळी) दातावर त्या ताणाखाली घासतं.

मालक सत्तरीतले बागायतदार. त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही. सड्यावर नवीन हापूसची लागवड करायची होती. जांभ्याच्या सड्यावर माती जेमतेम वीतभर, तीही सगळीकडे नाही. दहा-दहा मीटरवर मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डे मारायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि पाऊस लागला की कलमं लावायची. खड्डे ब्रेकरवाला मारत होता. दगड हलवणं, माती ओढणं, बांध घालणं लोडरकडे. म्हणजे मेअखेरपर्यंत मशीन उभं राहिलं पाहिजे, नाहीतर लागवड एक वर्ष पुढे.

खुणा

सकाळी साडेसहाला पोचलो. सोबत पोलादी पट्टी, व्हर्निअर, डायल गेज, वायर ब्रश आणि खडू. मशीन उतारावर तिरकं उभं, डावी चेन स्प्रोकेटवरून घसरलेली. ऑपरेटर बिडी ओढत बसला होता. म्हणाला, "सील गेला हा मिस्त्री. दर दोन दिसांनी दोन लिटर तेल घालतंय फायनलमध्ये. बाकी काय नाय."

"कधीपासून गळतंय?"

"थोडा थोडा बंधाऱ्याच्या कामापासून. यंदा वाढला."

हे वाक्य मी तेव्हा ऐकून सोडून दिलं.

चेन उतरली की लोक आधी चेनची झीज बघतात, आणि ती दिसतेच, कारण जुन्या मशीनची चेन झिजलेली असणारच. म्हणून मी आधी मोजलं. चेन ताणात ठेवून एका पिनच्या कडेपासून पाचव्या पिनच्या त्याच कडेपर्यंत, म्हणजे चार पिच (शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर तो एक पिच). या मशीनला नव्या चेनचे चार पिच ७०२ मिलिमीटर. डावीकडे ७१४ भरले, उजवीकडे ७१२. जोडामागे तीन मिलिमीटर वाढ ही बरीच झाली, पिन-बुश फिरवायची वेळ आलीच होती. पण दोन्ही बाजू जवळपास सारख्या झिजलेल्या असताना उतरते मात्र फक्त डावी. मग झिजेला दोष कसा द्यायचा?

दुसरं, चेनचा झोळ. वरची चेन तोलणाऱ्या कॅरियर रोलरपासून आयडलरपर्यंत पट्टी ठेवली तर मध्ये तीन-चार सेंटिमीटर झोळ हवा. डावीकडे जेमतेम सात मिलिमीटर. चेन उतरते म्हणजे सैल आहे, असं धरून ऑपरेटरने दर वेळी ग्रीस गन मारून ती आणखी आवळली होती. चेनवर पाना मारला तर टण्ण वाजत होती.

मग वायर ब्रशने स्प्रोकेट साफ केला आणि माझी नजर तिथेच थांबली. प्रत्येक दाताची आतली बाजू घासून आरशासारखी लकाकत होती. बाहेरची बाजू मात्र गंजाची, लालच्या लाल. लिंकच्या आतल्या कडांवरही एकाच बाजूला घासल्याची चकाकी. आयडलरच्या दोन्ही कडा मात्र सारख्या झिजलेल्या, खालच्या रोलरच्याही तशाच. आयडलर वाकडा असता तर खूण आयडलरवर दिसली असती. रोलर फ्रेम वाकली असती तर रोलरांवर. इथे बाकी सगळं एका ओळीत होतं, एकटा स्प्रोकेट तिरका चालत होता. शिवाय चारही वेळा मशीन उजवीकडे वळताना चेन उतरली होती. उजवीकडे वळायचं तर डावी चेन ओढते, म्हणजे डाव्या स्प्रोकेटवर पूर्ण जोर आणि बाजूचा दाब एकदमच.

आता खात्री करायची होती. आधी चेनचा ताण सोडला. ग्रीसचा व्हॉल्व्ह एकच फेरा सैल करायचा आणि आपण बाजूला उभं राहायचं, कधीही समोर नाही. आतलं ग्रीस इतक्या दाबाखाली असतं की कातडीतून आत घुसतं. मग डावी बाजू जॅकवर उचलली. जांभ्याची एक गंमत आहे. वरून कठीण दिसतो, आतून पोकळ. जॅकखाली पोलादी प्लेट आणि फणसाच्या फळ्या घातल्या तरी पहिल्यांदा एक कोपरा कचकन खाली गेला. दुसऱ्या जागी ठोकळे रचून घेतले. स्प्रोकेटच्या कडेला डायल लावला आणि हबखाली, म्हणजे स्प्रोकेट ज्यावर बसतो त्या मधल्या भागाखाली, पहार घालून उचकटलं. काटा १.४ मिलिमीटर सरकला. टेपर रोलर बेअरिंगवर दाबून बसवलेल्या हबला मोकळीक शून्य हवी. उजव्या बाजूला तेच केलं, काटा हलला नाही.

"आबा, चेन नवी घालू नका. फायनल ड्राइव्ह उघडावा लागेल."

आबांनी मान हलवली. "म्हणजे चेनीपेक्षा महाग?"

"चेनीपेक्षा स्वस्त. पण वेळखाऊ."

झाकणावरचं पांढरं

लो-बेड ट्रेलर त्या घाटीतल्या वळणांवरून चढला नसता, म्हणून जागेवरच उघडायचं ठरवलं. दोन दिवस मशीन हलवलं नाही, की पाणी असेल तर खाली बसेल. तिसऱ्या सकाळी खालचा प्लग काढला. आधी अर्धा लिटर गढूळ पाणी आलं, मग दुधाच्या चहासारखं तेल, आणि शेवटी काळा गाळ. प्लगच्या लोहचुंबकाला पोलादाच्या किसाची दाढी उगवली होती.

सड्यावर हे पाणी कुठून आलं? पावसाचं असू शकतं. पण ऑपरेटरचं ते बंधाऱ्याचं वाक्य आता आठवलं. थोडं पाणी बिस्किटांच्या डब्याच्या झाकणात घेतलं आणि स्टोव्हवर आटवलं. खाली पांढरी खरबरीत साय राहिली, मिठागरात असते तशी. तीन वर्षांपूर्वी हा लोडर किनाऱ्यावर धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे दगड लावायला भाड्याने गेला होता, भरतीच्या पाण्यात उभा राहून. तेव्हापासून कोणी ते तेल काढून बदललंच नव्हतं. गळलं की वरून ओतायचं, एवढंच. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे गळायचं ते वरचं तेल आणि तळाशी समुद्र तसाच.

चेनची मास्टर पिन आयडलरच्या समोर आणून घणाने काढली, चेन जमिनीवर पसरली. स्प्रोकेट आणि हब पुलर लावून उतरवले. त्यात एक अख्खा दिवस आणि दोघांच्या हातांवरचे फोड गेले, त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही.

बाहेरच्या बेअरिंगची केज, म्हणजे रोलर जागेवर धरणारी चौकट, तुटलेली होती. तीन रोलर तिरके झालेले, आतल्या कोनवरचा (रोलर ज्यावर फिरतात ती कडी) पृष्ठभाग पापुद्रे निघाल्यासारखा. खारं पाणी शिरलं, गंज चढला, बेअरिंग गेलं, हब हलायला लागला. गोष्ट इथे पूर्ण झाली असं वाटलं. पण कोन रॉकेलने धुऊन उन्हात धरला, तर गंजाच्या खड्ड्यांच्या मध्ये वेगळे ठिपके दिसले. मी घड्याळजीचं भिंग काढलं. गंजाचा खड्डा वेडावाकडा असतो, कडा फाटलेल्या, तळ काळा-तांबडा. हे ठिपके टाचणीच्या डोक्याएवढे, गोल, आणि कडेला वितळून गोठलेल्या धातूची चकचकीत वळी. शिवाय ते सगळीकडे नव्हते. कोनच्या एकाच बाजूला, ओळीने, बरोबर एकेका रोलरच्या अंतरावर.

हे पाण्याचं काम नाही, विजेचं आहे. मशीन उभं असताना वेल्डिंगचा करंट या बेअरिंगमधून गेला होता. जिथे जिथे रोलर टेकला होता तिथे ठिणगी उडून पोलाद वितळलं होतं. असा ठिपका पडला की त्यावरून रोलर हजारो फेरे घेतो, हळूहळू तिथूनच पापुद्रा सुटतो.

घरी येऊन वही काढली. बंधाऱ्याच्या कामाला जाण्याआधी, त्याच वर्षीच्या जानेवारीत: "आबांचा लोडर. दोन्ही स्प्रोकेटचे दात जागेवर भरून दिले." वेल्डिंग मीच केलं होतं. अर्थिंगची क्लिप कुठे लावली होती तेही आठवलं: मागे, चेसिसच्या हुकाला. तिथे रंग उडालेला होता, क्लिप पटकन बसायची. करंट क्लिपपासून चेसिस, चेसिसवरून शाफ्ट, शाफ्टवरून बेअरिंग आणि मग स्प्रोकेट. क्लिप स्प्रोकेटलाच लावली असती तर बेअरिंगला कळलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी आबांना कोन आणि भिंग दोन्ही दाखवलं आणि सांगितलं. ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग म्हणाले, "समुद्राचाही दोष हा मगे." तोही होताच. ठिपक्यांमुळे हब हलायला लागला, हब हलल्यामुळे सील उघडलं, उघड्या सीलमधून खारं पाणी शिरलं, त्याने उरलेलं बेअरिंग खाल्लं. मग स्प्रोकेट तिरका झाला, चेन उतरायला लागली, आणि चेन आवळल्यामुळे त्याच मोडक्या बेअरिंगवर आणखी जोर पडला. यात किती माझं आणि किती समुद्राचं याची वाटणी करता येणार नाही. मजुरी मी घेतली नाही, सामानाचे पैसे आबांनी दिले.

काय बदललं, काय ठेवलं

बजेट आणि वेळ दोन्ही एका बाजूपुरतेच होते. डावी चेन कोल्हापूरला पाठवली, गगनबावड्यावरून रात्रीच्या टेम्पोत. तिथे प्रेसवर पिन-बुश काढून अर्धा फेरा फिरवून परत बसवले. पिन आणि बुश एकाच बाजूने घासतात. ते फिरवले की न झिजलेली बाजू समोर येते आणि ताणलेला पिच पुष्कळसा मागे येतो. बुशची भिंत फार पातळ होण्याआधी हे करावं लागतं, नंतर फिरवलं तर बुश फुटतं. चेन परत आली तेव्हा चार पिच ७०५ भरले.

खालचे दोन रोलर गळत होते, तेवढे बदलले. सिंगल आणि डबल फ्लँजचे, म्हणजे एका आणि दोन कडांचे, रोलर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत बसवले. मोठ्या गिअरच्या दातांवर बारीक खड्डे होते पण कडा शाबूत होत्या, तो ठेवला. दोन्ही बेअरिंगं, सील, ऑइल सील नवीन.

स्प्रोकेटचे दात मात्र पुन्हा भरायचे नव्हते. भरलेल्या दाताचा आकार कधीच नेमका येत नाही आणि दुरुस्त चेनला वेडावाकडा स्प्रोकेट दोन महिन्यांत खातो. जुनी दातेरी रिम गॅसने कापून नवी वेल्ड केली, आमच्या तळेऱ्याच्या वर्कशॉपमध्ये, हब पूर्ण सुटा, आत बेअरिंग नाही. आणि क्लिप रिमवर.

इथे कोकणातल्या वेल्डरांसाठी एक गोष्ट. ७०१८ चा रॉड हवेतलं पाणी ओढतो, आणि आपल्या हवेत एप्रिल-मेमध्ये पाण्याशिवाय दुसरं असतं काय? ओलसर रॉडने जाड पोलाद वेल्ड केलं की हायड्रोजन आत राहतो आणि वेल्डजवळ तडा जातो. तो लगेच दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो. उघड्या पाकिटातले रॉड उन्हात वाळत घालणारे मी पाहिलेत, त्याचा उपयोग शून्य. ओव्हनमध्ये तीनशेच्या वर तापमानाला तासभर ठेवले आणि तिथून एकेक काढून वापरले. रिम आणि हब आधी हाताला चटका बसेल त्याच्या खूप पुढे तापवून घेतले. समोरासमोरचे टाके आलटून पालटून मारले, नाहीतर रिम एका बाजूला ओढली जाते. थंड होताना गोणपाटात गुंडाळून ठेवलं. लेथवर फिरवून बघितलं तर दातांचं वर्तुळ दीड मिलिमीटरच्या आत होतं.

आंब्याच्या खोलीत सील

फ्लोटिंग सील म्हणजे दोन लोखंडी कड्या आणि दोन रबरी रिंगा. कड्यांचे तोंडाचे पृष्ठभाग आरशासारखे घासलेले असतात आणि एकमेकांवर टेकून फिरतात. एक कडी हबबरोबर फिरते, दुसरी स्थिर. रबर फक्त मागून दाबून धरतं. नव्या कडीवर टेकण्याचा चकचकीत पट्टा बाहेरच्या कडेजवळ असतो आणि झिजेबरोबर तो आतल्या कडेकडे सरकत जातो. आमच्या जुन्या कडीवर तो पट्टा एका अंगाला आतल्या कडेपर्यंत पोचला होता आणि समोरच्या अंगाला जवळजवळ नव्हताच. हब कसा तिरका फिरत होता हे त्या एका कडीने लिहून ठेवलं होतं.

सड्यावर दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि जांभ्याची लाल धूळ सगळ्यावर बसते. तिथे सील बसवणं म्हणजे आत वाळू शिवून देणं. आबांनी आंब्याच्या पेट्या भरायची खोली दिली, हंगाम चालू असताना. पेट्या आणि भाताचं गवत बाहेर काढलं, जमीन पाणी मारून पुसली, दार लावून घेतलं. रात्री नऊ वाजता पिकायला घातलेल्या हापूसच्या वासात आम्ही हब जुळवायला बसलो.

माझ्या हाताखालचा पोरगा हुशार आहे, पण त्याला प्रत्येक गोष्टीला ग्रीस लावायची सवय. रबरी रिंग उचलून म्हणाला, "लावू?"

"हात मागे घे."

रबर आणि ते ज्या उतारावर बसतं तो उतार पूर्ण कोरडे हवेत. तेलाचा एक थेंब लागला तर रबर कडीला धरत नाही, घसरतं, आणि कडी फिरायच्या ऐवजी तिरकी बसते. जुन्या धुतलेल्या मलमलीने पुसून रिंग चढवली, कुठे पीळ पडला नाही ना ते बोटाने चाचपलं, मग दाबून बसवली. व्हर्निअरने कडीची उंची चार ठिकाणी मोजली. एका ठिकाणी मिलिमीटरभर जास्त. काढलं, पुसलं, परत बसवलं. तिसऱ्यांदा चारही मापं जुळली. पातळ तेल फक्त दोन्ही लोखंडी तोंडांवर, बोटाच्या टोकाने, एकेक थेंब.

बेअरिंगचा दाब मशीनवर चढवल्यावर लावला. हबला सुतळी गुंडाळली, टोकाला स्प्रिंगचा वजनकाटा, आणि सुतळी ओढत हब फिरवायचा. फिरत असताना काटा किती दाखवतो ते बघायचं, हलवण्यासाठी लागणारा पहिला झटका धरायचा नाही. नट आवळायचा, रोलर नीट बसावेत म्हणून हब दहा-बारा वेळा फिरवायचा, परत ओढायचं. पुस्तकातल्या मर्यादेत यायला सात वेळा नट हलवावा लागला. मग लॉक. स्प्रोकेटच्या मध्यापासून आयडलरच्या मध्यापर्यंत सुतळी ताणून बघितली, रोलर त्याच ओळीत होते.

नंतर

नवीन तेल घालून मशीन अर्धा तास सपाटीवर रिकामं चालवलं, हबला हात लावत. कोमट, तापलेला नाही. चेनवरच्या पोलादी पट्ट्यांचे बोल्ट दिवसभराच्या कामानंतर परत आवळले.

ऑपरेटरने संध्याकाळी तक्रार केलीच: "मिस्त्री, आता डावीकडे ओढता." बरोबर होतं. डाव्या चेनचे चार पिच ७०५, उजव्याचे ७१२. दोन्ही स्प्रोकेट सारखेच फिरतात, पण प्रत्येक फेऱ्याला उजवी चेन थोडी जास्त लांबी टाकते. दहा मीटरमध्ये नाक वीत-दीड वीत डावीकडे. आधी दोन्ही बाजू सारख्याच वाईट होत्या म्हणून मशीन सरळ जात होतं. त्याला म्हटलं, उजवी होईपर्यंत थोडं सांभाळून घे.

वळवाचे दोन पाऊस पडून गेल्यावर माती भरून संपली. मृगात कलमं लागली. चेन पुन्हा उतरली नाही.

ऑक्टोबरात दोन्ही बाजूंचे प्लग काढून बघितले. डावीकडचं तेल स्वच्छ, लोहचुंबकावर नव्या गिअरला येतो तेवढाच काळा लेप. उजवीकडचा लोहचुंबक पुसला तेव्हा फडक्यावर चमकी उमटली, बारीक, चपटी, पापुद्र्यांसारखी. डायलचा काटा या वेळी ०.३ सरकला. जानेवारीतल्या त्या दिवशी दोन्ही स्प्रोकेट भरले होते, आणि क्लिप दोन्ही वेळा त्याच हुकाला होती.

बेअरिंगं आणि सील आणून ठेवली आहेत. दिवाळीनंतर उजवी बाजू उघडायची आहे, आंब्याची खोली तोवर रिकामी असेल.